कारखान्यातील व्यायामशाळा आणि आजारपणाच्या विम्याचा हिशेब

‘कारखान्यात व्यायामशाळा काढली की कामगार धडधाकट राहतील, धडधाकट राहिले की दवाखान्याची बिले घटतील, आणि बिले घटली की विम्याचा खर्च उतरेल’ हा युक्तिवाद अलीकडे मालकवर्गाच्या तोंडी वरचेवर ऐकू येतो. ऐकायला तो गोड आहे. त्यात मालकाचे हित आहे, कामगाराचेही हित आहे आणि कोणाचेच नुकसान नाही, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु कामगार चळवळीत निम्मे आयुष्य घालवलेल्या माणसाला एक खोड जडलेली असते. ज्या सौद्यात कोणाचेच काही जात नाही असे सांगितले जाते, तो सौदा तो दोनदा वाचतो. आज आम्ही हा सौदा आपणां सर्वांसमवेत दोनदा वाचणार आहोत.

सापगावसारख्या गावात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. शहापूरहून मुरबाडच्या वाटेला लागले की भातसेच्या काठी आपले गाव लागते. ते आता केवळ भातशेतीचे गाव राहिलेले नाही. आपली मुले आसनगाव, आटगाव, वासिंद येथील कारखान्यांत जातात, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत जातात, पडघा-भिवंडीच्या गोदामांत जातात आणि आसनगावची लोकल धरून कल्याण-ठाण्यापर्यंत जातात. जवळजवळ प्रत्येक आळीत कोणाच्या तरी पगारातून विम्याची कपात होत असते. ती कपात कशावर ठरते आणि कशाने बदलते, हे ज्याच्या खिशातून ती जाते त्याला ठाऊक असले पाहिजे.

विमा एक नव्हे, दोन

पहिली गोष्ट ही की, कामगाराच्या आजारपणाचा विमा आपल्याकडे दोन तऱ्हांचा आहे, आणि या दोहोंची गल्लत केली की सगळा हिशेब चुकतो.

पहिला कामगार राज्य विमा. प्राध्यापक अदारकर यांनी १९४४ साली सरकारला अहवाल दिला, त्यावरून १९४८ चा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे पंडित नेहरूंच्या काळात योजना चालू झाली. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. पण योजनेचा गाभा तोच आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार तीत येतो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची. १ जुलै २०१९ पासून मालकाने वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के वर्गणी भरायची आहे. त्यापूर्वी हेच आकडे ४.७५ आणि १.७५ होते. या वर्गणीतून कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधपाणी मिळते. आजारी पडल्यास वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. अपघात, बाळंतपण, दीर्घ आजार यांचीही तरतूद आहे.

आता नीट लक्ष द्यावे. ही वर्गणी वेतनावर ठरते. आजारपणावर ठरत नाही. समजा, एका कारखान्यात ४०० कामगार आहेत आणि प्रत्येकाचे वेतन १८,००० रुपये आहे. मालकाचा वाटा माणशी ५८५ रुपये, कामगाराचा १३५ रुपये. मालक महिन्याला २ लाख ३४ हजार आणि वर्षाला २८ लाख ८ हजार रुपये भरील. वर्षभरात एकही कामगार आजारी पडला नाही, तरी २८ लाख ८ हजार. निम्मे कामगार अंथरुणाला खिळले, तरी २८ लाख ८ हजार. मालकाने संगमरवरी व्यायामशाळा बांधली काय किंवा पिण्याच्या पाण्याचा नळसुद्धा दिला नाही काय, या आकड्यात एका पैशाचा फरक पडत नाही. तेव्हा राज्य विम्याखालील कामगारांपुरते आपल्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळाले. व्यायामशाळेने हा खर्च कमी होत नाही. होऊच शकत नाही.

यात राज्य विम्याचा दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. ही त्याची मोठी खुबी आहे. आजारी माणसाला कामावर ठेवले म्हणून मालकाला जास्त भुर्दंड नाही, आणि म्हणून आजारी माणूस काढून टाकण्याचा मोहही नाही. निरोग्याने रोग्याचा आणि जास्त पगारवाल्याने कमी पगारवाल्याचा भार उचलावा, हे तत्त्व त्यात आहे.

दुसरा विमा कंपनीचा सामूहिक विमा, ज्याला सगळे ‘मेडिक्लेम’ म्हणतात. ज्यांचे वेतन २१,००० च्या वर गेले त्यांच्यासाठी बहुधा हा असतो. आमच्या कित्येक साथींची अशी गंमत होते की, करारात पगारवाढ मिळते, वेतन मर्यादा ओलांडते, आणि पेढे वाटून होतात न होतात तोच राज्य विम्याचे छत्र डोक्यावरून जाते. मग तो मालकाने घेतलेल्या सामूहिक पॉलिसीच्या आसऱ्याला येतो. या पॉलिसीचा हप्ता दरवर्षी नव्याने ठरतो, आणि तो ठरवताना विमा कंपनी पाहते की गेल्या वर्षी हप्ता किती आला आणि दाव्यांपोटी किती गेला. दावे जास्त, तर हप्ता जास्त; दावे कमी, तर हप्ता उतरवून मागायला जागा. म्हणजे व्यायामशाळेचा आणि विम्याच्या खर्चाचा संबंध लागलाच, तर तो इथे लागू शकतो. पुढचा विचार या दुसऱ्या विम्यापुरता करू.

साखळीचे दुवे

मालकांच्या युक्तिवादाची आपण साखळी मानू आणि तिचा एकेक दुवा ओढून पाहू.

पहिला दुवा: व्यायामाने प्रकृती सुधारते. हा दुवा पक्का आहे. त्याबद्दल आमचा कोणाशीही वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, प्रौढ माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो काही विम्याचा हप्ता डोळ्यांपुढे ठेवून नव्हे. पण गोष्ट तीच होती.

दुसरा दुवा: कारखान्यात व्यायामशाळा काढली की जे व्यायाम करीत नव्हते ते करू लागतील. इथे साखळी हलू लागते. नव्या व्यायामशाळेत पहिल्या दिवशी कोण जाते? जो गावच्या आखाड्यात आधीच जोर-बैठका काढतो तो. ज्याला मधुमेह आहे, ज्याचे गुडघे गेले आहेत, ज्याला दुसरी पाळी संपवून शेवटची एसटी पकडायची आहे, तो जात नाही. स्त्री कामगारांचे तर विचारूच नका. पाळी सुटली की घरी चूल, पाणी आणि मुले वाट पाहत असतात. लावणीच्या दिवसांत चिखलातले कामही असते.

तिसरा दुवा: व्यायामामुळे पॉलिसीच्या वर्षातच इस्पितळाचे दावे घटतील. हा दुवा आणखी कच्चा आहे. आपल्याकडील सामूहिक पॉलिसी मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्याचा खर्च देते. दावे कशाचे येतात ते आठवून पाहा: बाळंतपण, डेंग्यू-मलेरियाचा ताप, अपघात, आईवडिलांचा मोतीबिंदू, मुतखडा. मुलाने कारखान्यात डंबेल्स उचलली म्हणून आईचा मोतीबिंदू थांबत नाही. व्यायामाने जे रोग टळतात, म्हणजे हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब, ते दहा-वीस वर्षांनी टळतात. आणि हप्ता तर दरवर्षी ठरतो. दहा-वीस वर्षे एकाच ठिकाणी काम करण्याचे भाग्य आता किती जणांना लाभते? कंत्राटी कामगार तर अकरा महिन्यांत गेट बदलतो. पेरले एकाच्या शेतात आणि उगवले दुसऱ्याच्या, असा हा प्रकार आहे.

चौथा दुवा: दावे घटले तर बचत व्यायामशाळेच्या खर्चाहून मोठी असेल. इथे एक हिशेब मांडू. आकडे आम्ही उदाहरणादाखल धरले आहेत. समजा, पॉलिसीखाली ६० कुटुंबे आहेत आणि कुटुंबामागे हप्ता १५,००० रुपये. एकूण ९ लाख. व्यायामशाळेच्या साहित्याला ६ लाख लागले आणि ते पाच वर्षे टिकले, तर वर्षाला १ लाख २० हजार. शिक्षकाला महिना १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. वीज, दुरुस्ती, झाडलोट ६० हजार. बेरीज ३ लाख ६० हजार. हा खर्च विम्यातूनच भरून काढायचा, तर हप्ता ९ लाखांवरून ५ लाख ४० हजारांवर यायला हवा. म्हणजे शेकडा ४० ने उतरायला हवा. तालमीच्या जोरावर हप्ता वर्षात ४० टक्के उतरवून देईल असा विमाधिकारी आम्हांला अजून भेटायचा आहे.

पाचवा दुवा: जी काही बचत होईल तिचा वाटा कामगाराला मिळेल. हा दुवा साखळीत मुळात नाहीच. तो लेखी करारानेच जोडावा लागतो.

परदेशातील कसोट्या

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. त्या देशात आपल्या राज्य विम्यासारखी कामगारांची सार्वत्रिक योजना नाही. नोकरदाराच्या औषधपाण्याचा मोठा भार मालकच उचलतो, आणि पुष्कळ मोठ्या कंपन्या तो विमा कंपनीकडे न सोपवता स्वतःच भरतात. कामगार आजारी पडला की थेट त्यांच्या तिजोरीला भोक पडते. म्हणून तिकडे व्यायामशाळा, तपासण्या, वजन उतरवण्याचे वर्ग यांचे पेव फुटले.

२०१० साली कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग या तिघांनी तोवरच्या अभ्यासांची बेरीज करून सांगितले की, अशा उपक्रमांवर एक डॉलर खर्च केला तर औषधोपचाराचे सुमारे ३.२७ डॉलर वाचतात, आणि गैरहजेरीतले आणखी २.७३ डॉलर. एकाचे सहा! या आकड्यावर कित्येक व्यायामशाळा उभ्या राहिल्या.

परंतु त्या जुन्या अभ्यासांपैकी पुष्कळांत एक मेख होती. व्यायामाला जाणाऱ्यांची तुलना न जाणाऱ्यांशी केली होती. जाणारे मुळातच निरोगी असतील तर? देवळात चालत जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे पाय न जाणाऱ्या म्हाताऱ्यांपेक्षा धड असतात, म्हणून देवदर्शनाने संधिवात बरा होतो असे म्हणावे काय? ज्याचे पाय धड तोच जाऊ शकतो!

हा घोळ सोडवण्याचा मार्ग चिठ्ठ्या टाकणे हा आहे. अर्ध्यांना उपक्रम द्यायचा, अर्ध्यांना द्यायचा नाही. कोणाला द्यायचा हे चिठ्ठीने ठरवायचे, म्हणजे दोन्ही गटांत निरोगी-रोगी सारखेच पडतात. नंतर सर्वांचा हिशेब करायचा, फक्त हजर राहिलेल्यांचा नव्हे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ साली ४,८३४ कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग झाला. तपासणी, वर्ग, हजेरीबद्दल रोख बक्षिसे, सर्व काही होते. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले: औषधोपचाराच्या खर्चात ठळक फरक नाही, विद्यापीठाच्या व्यायामशाळेत जाण्याच्या संख्येतसुद्धा नाही. आणि संशोधकांनी मुद्दाम जुन्या पद्धतीने, म्हणजे जाणारे विरुद्ध न जाणारे अशी, तुलना करून पाहिली, तेव्हा मात्र फरक भला मोठा दिसला. म्हणजे फरक उपक्रमाने केलेला नव्हता. तो आधीपासूनच होता.

दुसरा प्रयोग बीजेज नावाच्या दुकानसाखळीत झाला. तिच्या १६० ठिकाणी मिळून सुमारे ३३,००० कर्मचारी होते, त्यांपैकी २० ठिकाणी चिठ्ठ्या टाकून उपक्रम चालू केला. दीड वर्षाने पाहिले तर उपक्रमाच्या ठिकाणी ‘आम्ही नियमित व्यायाम करतो’ असे सांगणारे शेकडा सुमारे ८ ने अधिक निघाले. परंतु रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, औषधोपचाराचा खर्च, गैरहजेरी यांत फरक आढळला नाही. तीन वर्षांनंतरचे चित्रही फारसे वेगळे नव्हते. हा अभ्यास कोणी केला? साँग आणि बेकर यांनीच; २०१० साली ज्यांनी एकाचे सहा सांगितले होते त्यांतल्याच दोघांनी. चांगली कसोटी हाती आल्यावर त्यांनी जुन्या आकड्याला न चिकटता नवा आकडा लोकांपुढे ठेवला. विद्वत्तेचा हा प्रामाणिकपणा आम्हांला फार मोलाचा वाटतो.

तिसरा अभ्यास पेप्सिको कंपनीचा, २०१४ साली प्रसिद्ध झालेला, आणि कामगारांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी. तिथे उपक्रमाचे दोन भाग होते. एक, सर्वांसाठी व्यायाम-आहार-सवयी सुधारण्याचा. दुसरा, ज्यांना आधीच मधुमेह, दमा, हृदयविकार यांसारखे जुनाट रोग आहेत त्यांच्या औषधपाण्यावर नीट देखरेख ठेवण्याचा. पहिल्या भागात डॉलरमागे अर्धा डॉलर परत आला, म्हणजे अर्धा बुडाला. दुसऱ्यात डॉलरमागे सुमारे पावणेचार डॉलर परत आले. पैसा वाचला तो धडधाकटाला आणखी धडधाकट करून नव्हे, तर आजाऱ्याची वेळेवर काळजी घेऊन.

लंडनचे चालक-वाहक

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की, कामाच्या ठिकाणची हालचाल व्यर्थ आहे. उलट कामाचा आणि हृदयाचा संबंध जगाला प्रथम दाखवला तो कामगारांनीच. डॉक्टर जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या वाहतूक कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असतो. वाहक दिवसभर जिना चढतो-उतरतो. दोघांची वस्ती तीच, पगारही जवळपास तोच. तरी वाहकांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा व कमी घातक, असे दिसले. मुंबईच्या दुमजली बसमधून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना ही गोष्ट चटकन पटेल.

पण मॉरिस तिथेच थांबले नाहीत. १९५६ साली त्यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या. चालकांच्या विजारीचा कमरेचा घेर तरुणपणीच वाहकांहून मोठा निघाला. म्हणजे थोडा फरक नोकरीत शिरतानाच होता. निरोगी माणूस आपोआप एका बाजूला गोळा होतो, ही मेख त्या थोर डॉक्टरांनी सत्तर वर्षांपूर्वी स्वतःच शोधून दाखवली होती.

आणखी एक गोष्ट. अंगमेहनत आणि व्यायाम एक नव्हेत. कोपनहेगन शहरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत, २०२१ साली, असे दिसले की फावल्या वेळी हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी; पण कामावर जड मेहनत करणाऱ्यांना तो जास्त. कारणांबद्दल विद्वानांत अजून वाद आहे. परंतु गोदामात दिवसभर गोणी उचलणाऱ्या हमालाला विचाराल तर तो सांगेल की, व्यायामात माणूस दमला की थांबतो. कामावर दमला तरी थांबता येत नाही. अशा माणसाला पाळी संपल्यावर वजने उचलायला बोलावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याला हवी हातगाडी, हवा मध्ये दम घ्यायला वेळ, हवी पुरेशी झोप.

गिरणगावची गोष्ट

महाराष्ट्राला कामगारांची व्यायामशाळा नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात चाळीचाळींत तालमी होत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेली पोरे तिथे लाल मातीत लोळली, हुतूतू खेळली, लेझीम घुमवत मिरवणुकीत निघाली. त्या तालमी कोणा मालकाने विम्याचा हप्ता कमी व्हावा म्हणून काढल्या नव्हत्या. पुढे १९५३ साली मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला, आणि त्यातून आजचे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ उभे राहिले. वाचनालये, खेळ, करमणूक, स्त्रियांसाठी गृहोद्योग हे त्याचे हेतू. निधीत पैसा कोणता धरला होता? कामगारांकडून वसूल केलेले दंड आणि कामगारांनी न उचललेले वेतन. म्हणजे मुळात कामगाराचाच पैसा! न उचललेल्या वेतनाच्या प्रश्नावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आजही जून आणि डिसेंबरच्या पगारातून या मंडळाची वर्गणी कापली जाते. आपल्या पगारपत्रकावर पाहून घ्यावे.

या इतिहासातून आम्ही दोन गोष्टी शिकतो. व्यायामशाळा ही कामगाराच्या जगण्याची गोष्ट आहे. माणसाला दोन घटका अंग मोकळे करावेसे वाटते, चार सोबत्यांत मिसळावेसे वाटते, यापलीकडे तिला समर्थनाची गरज नाही. आणि दुसरी: जे गेटच्या आत असते ते गेट बंद झाले की जाते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मिटल्या. चाळीतली तालीम मात्र मालकाच्या कुलपात अडकली नव्हती.

चाळणीचा धोका

आता सर्वांत गंभीर मुद्दा. व्यायामशाळेमुळे विम्याचा खर्च कमी होण्याचा एक मार्ग खरोखरच आहे, आणि तोच धोक्याचा आहे. इलिनॉयच्या संशोधकांनीही तो बोलून दाखवला. असे उपक्रम ज्यांना आवडतात ते बहुधा आधीच निरोगी असतात. तेव्हा निरोगी माणसे अशा नोकरीकडे ओढली जावीत, टिकावीत, आणि आजारी माणसांनी हळूहळू काढता पाय घ्यावा, असे झाले तर खर्च उतरेल. पण एकाही माणसाची प्रकृती सुधारलेली नसेल. व्यायामशाळा ही औषध न राहता चाळण होईल. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने वजन, रक्तदाब अशा कसोट्यांना न उतरणाऱ्या कर्मचाऱ्याकडून विम्याच्या खर्चाच्या शेकडा ३० पर्यंत फरक वसूल करण्याची मुभा काही अटींवर मालकाला दिली. आजारी असल्याचा दंडच म्हणायचा!

आपल्याकडे ही गोष्ट दुसऱ्या वाटेने येते. आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात कराराच्या बोलणीत व्यवस्थापनाने व्यायामशाळेचा नकाशा टेबलावर मांडला. रंगीत होता, सुंदर होता. त्याच मसुद्याच्या चौथ्या पानावर एक ओळ होती की, पुढील वर्षापासून सामूहिक विम्यातून आईवडिलांचे नाव वगळण्यात येईल. कारण विचारले तेव्हा उत्तर आले, ‘तुमच्या आरोग्यासाठी आम्ही दुसरीकडे खर्च करतोच आहोत.’ आवळा देऊन कोहळा काढणे ते हेच. सभासदांपैकी तरुणांना नकाशा आवडला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. चार रात्री गेटसभा घेऊन आम्ही वर मांडलेला हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. ज्यांचे आईवडील घरी खोकत होते त्यांना तो लगेच कळला. बाकीच्यांना दोन दिवस लागले. आईवडिलांची नावे राहिली. व्यायामशाळा झाली नाही, पण प्रथमोपचाराच्या खोलीत रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय झाली.

मग मागावे काय?

केवळ टीका करून घरी जाणे हा आमचा धर्म नव्हे. म्हणून कामगारांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ध्यानात ठेवाव्यात अशा गोष्टी थोडक्यात सांगतो.

पहिली, राज्य विम्यात असाल तर कुटुंबातील प्रत्येकाचे नाव नोंदले आहे की नाही ते आजच पाहा. हक्क असून नाव नसल्यामुळे परत फिरलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. आपल्या भागाची खरी मागणी ट्रेडमिलची नव्हे, तर जवळच्या दवाखान्याची, तिथे डॉक्टर असण्याची आणि औषध मिळण्याची आहे. वर्गणी आसनगावच्या आणि मुरबाडच्या गेटवर कापली जाते. उपचार तिथून किती कोसांवर, हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारला पाहिजे.

दुसरी, तपासणी कामाच्या वेळेत मागा, आणि तपासणीनंतरचे औषधही मागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रमसंहिता अमलात आणताना चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी होईल असे सरकारने सांगितले आहे. ते पदरात पाडून घ्या. मात्र तपासणीचा कागद कामगाराच्या हाती यावा. मालकाच्या फायलीत जाऊ नये.

तिसरी, आधी कामच निरोगी करा. धुळीला पंखा, गोणीला गाडी, उभ्या माणसाला स्टूल, रात्रपाळीला ठरावीक फेर. पाठ मोडणारे काम तसेच ठेवून पाठ बळकट करायचे यंत्र आणणे यात शहाणपण नाही.

चौथी, व्यायामशाळा मिळत असेल तर जरूर घ्या. पण विम्याच्या बदल्यात घेऊ नका. ती कंत्राटी कामगारालाही खुली असावी, स्त्रियांसाठी वेगळी वेळ असावी, आणि तिथे जाण्या-न जाण्याचा पगाराशी, बढतीशी किंवा हप्त्याशी काडीइतकाही संबंध नसावा. शक्य तर ती गेटबाहेर, गावात असावी, म्हणजे नोकरी गेली तरी ती राहील आणि घरच्यांनाही तिचा उपयोग होईल.

पाचवी, बचत झाली असे मालक म्हणाले तर हिशेब मागा. दोन वर्षे आधीचे आणि दोन वर्षे नंतरचे, सर्व कामगारांचे आजारपणाचे दिवस आणि दावे ताळ्यात मांडा. केवळ व्यायामाला जाणाऱ्यांचे नव्हे. आणि खरोखर बचत निघाली तर तिचा वाटा करारात लिहून घ्या.

सारांश असा. व्यायाम चांगला, तो करावा. व्यायामशाळा चांगली; ती असावी. पण तिने विम्याचा खर्च उतरतो या म्हणण्याला राज्य विम्यात जागाच नाही, आणि खाजगी विम्यात आजवरच्या चांगल्या कसोट्यांचा आधार नाही. खर्च उतरवायचाच असेल तर आजाऱ्याला वेळेवर औषध मिळण्याची आणि धडधाकटाला आजारी न पाडणाऱ्या कामाची तजवीज करावी लागते. ती रंगीत नकाशात दिसत नाही. ती कराराच्या कलमांत लिहून घ्यावी लागते. तेव्हा उद्या कोणी आपल्यापुढे असा नकाशा पसरला, तर तो पाहावा, त्याचे कौतुकही करावे. आणि मग सावकाश पान उलटून चौथे पान वाचावे.